आयत्या वेळी धैर्य येत नाही, आधी ठरवून ठेवा: ख्रिस्ती विश्वास रोजच्या जगण्यात कसा आणायचा

माझ्या पहिल्या नोकरीत एकदा तपासणीचं रजिस्टर भरायचं राहून गेलं होतं, थोडंथोडकं नाही, सहा आठवड्यांचं, आणि ऑडिट दोन दिवसांवर आलं होतं. साहेबांनी अगदी शांतपणे सांगितलं की मागच्या तारखा टाक आणि सह्या करून मोकळा हो, सगळेच करतात. मी केल्या. एका बैठकीत सगळ्या, आणि मधेच पेन बदललं म्हणजे शाई एकसारखी दिसायला नको. त्याच रविवारी उपासनेत शास्त्रवाचन माझ्याकडे होतं, वाचन छान झालं म्हणून दोघातिघांनी पाठ पण थोपटली. कोणतं वचन वाचलं ते आता आठवत नाही, पेन बदललेलं आठवतं.

हे सांगायचं कारण असं की "आजच्या काळात ख्रिस्ती म्हणून कसं जगायचं" असा विषय निघाला की लगेच मोठमोठे मुद्दे समोर येतात, गर्भपात, समलिंगी विवाह, इच्छामरण, एआय, आणि त्यावर वाद घालायला आपण कंबर कसून तयारच असतो. पण परीक्षा बहुतेक वेळा अशी येते, दुपारी चार वाजता, कामाच्या गडबडीत, उत्तर अर्ध्या मिनिटात द्यायचं असतं आणि समोरचा माणूस काही दुष्ट वगैरे नसतो, तोही अडकलेलाच असतो. त्या अर्ध्या मिनिटात माणूस नवीन काही ठरवत नाही हो. आधी जे ठरलंय ते बाहेर येतं, आणि आधी काहीच ठरलेलं नसेल तर समोरच्याने ठरवलेलं आपल्या हातून होतं. म्हणून आधी काय ठरवायचं आणि कसं ठरवायचं, एवढंच इथे लिहितोय. मी पाळक नाही की धर्मशास्त्र शिकलेला नाही, चुकून चुकून जे कळलं ते सांगतोय.

आधी ठरवणं म्हणजे नेमकं काय

एरिक लिडल बहुतेकांनी ऐकलेला असतो. स्कॉटिश धावपटू, १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक, १०० मीटर ही त्याची हातखंडा शर्यत आणि तिच्या प्राथमिक फेऱ्या नेमक्या रविवारी. रविवार प्रभूचा म्हणून तो धावला नाही. ही गोष्ट अशी रंगवून सांगतात की जणू शर्यतीच्या तोंडावर त्याच्या मनात मोठं वादळ उठलं आणि मग त्याने निर्णय घेतला. प्रत्यक्षात वेळापत्रक कित्येक महिने आधी कळलेलं होतं, त्याने तेव्हाच नाही म्हणून सांगितलं आणि उरलेले महिने गुपचूप ४०० मीटरचा सराव केला. ती त्याने ४७.६ सेकंदांत जिंकली, २०० मीटरमध्ये कांस्यही मिळालं. १०० मीटर त्याच्याच संघातल्या हॅरोल्ड अब्राहम्सने जिंकली आणि लिडलने त्याबद्दल कुणाला चार शब्द सुनावले नाहीत. पुढे तो मिशनरी म्हणून चीनला गेला आणि १९४५ मध्ये जपान्यांच्या नजरकैद छावणीतच वारला. पदक मिळालं म्हणून आपण ही गोष्ट सांगतो हे खरं, पण नसतं मिळालं तरी निर्णय तोच होता, कारण तो पदकाकडे बघून घेतलेलाच नव्हता.

बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय याच नजरेने वाचून बघा. दानिएल म्हणजे बाबेलच्या राजाने धरून नेलेला यहूदी तरुण. राजाच्या पंक्तीतलं अन्न घ्यायचं नाही असा त्याने मनाशी निश्चय केला, ताट समोर यायच्या आधी. पण त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे जी आपण घाईत ओलांडून जातो. बाबेलच्या लोकांनी त्याचं नाव बदलून बेल्टशस्सर ठेवलं, त्यांच्या देवावरून, त्यांची भाषा आणि विद्या शिकायला लावली, तिथे नोकरीला लावलं, आणि यातल्या कशावरही तो अडून बसलेला दिसत नाही. अडला तो एकाच ठिकाणी. आणि अडला तो पण कसा, तर आरडाओरडा करून नाही, अधिकाऱ्याला स्वतःच्या मानेची भीती आहे हे ओळखून त्याने कारभाऱ्याला सुचवलं की दहा दिवस आम्हाला भाजी आणि पाणी देऊन बघा, मग तुम्हीच ठरवा. म्हणजे नकार देताना समोरच्याला सुटायला वाट ठेवली. मला वाटतं या एका अध्यायात नोकरी करणाऱ्या माणसासाठी अख्खं ट्रेनिंग आहे.

तीन कप्पे करा

सगळ्याच गोष्टींवर अडून बसलं तर माणूस आठवड्यात थकतो आणि घरच्यांनाही थकवतो. म्हणून एका निवांत संध्याकाळी कागद घेऊन बसा आणि तुम्हाला टोचणारे विषय तीन कप्प्यांत टाका.

पहिल्या कप्प्यात जिथे वचन सरळ आहे ते. खोटं बोलणं, चोरी, व्यभिचार, गरिबाला पिळणं, सूड. इथे चर्चेला फारशी जागा नाही, फक्त करायचं की नाही एवढंच उरतं.

दुसऱ्या कप्प्यात विवेकाचे विषय. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय खास याच्यासाठी आहे, कुणी मांस खातो कुणी फक्त भाजीपाला, कुणी एक दिवस विशेष मानतो कुणी सगळे सारखेच, आणि ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो ज्याने त्याने आपल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी आणि दुसऱ्याला तुच्छ लेखू नये, दोषीही ठरवू नये. करिंथकरांना तर तो सांगतो की बाजारात विकतात ते खा, उगाच खोदून विचारत बसू नका, पण समोरच्या कुणाला त्याने ठेच लागणार असेल तर त्याच्यासाठी सोडून द्या. दारूचा एक घोट, पार्टीत नाचणं, कोणत्या मालिका बघायच्या, मुलांना कितव्या वर्षी फोन द्यायचा, असले बरेच विषय या कप्प्यात जातात.

तिसरा कप्पा म्हणजे निव्वळ सवय. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, असं करतात म्हणून. कपडे कसे, गाण्याला कोणती वाद्यं, प्रार्थना डोळे मिटून की उघडून. खरी गंमत इथे आहे, कारण आपण तिसऱ्या कप्प्यातल्या गोष्टी उचलून पहिल्यात टाकतो आणि पहिल्यातल्या हळूच दुसऱ्यात सरकवतो. केसांच्या रंगावरून पोराला तासभर बोलणारे वडील टॅक्स चुकवणं हा "ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न" आहे असं म्हणताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

कप्पा ओळखायला मी स्वतःला एक प्रश्न विचारतो, की दूर कुठल्या तरी देशातला, माझी भाषा न बोलणारा विश्वासी हेच म्हणेल का? दोनशे वर्षांपूर्वीचा म्हणाला असता का? नाही असं उत्तर आलं तर बहुतेक ती सवय असते. पण हा नियम एकटा पुरत नाही हेही सांगतो. दोनशे वर्षांपूर्वी कितीतरी विश्वासी लोक वचनं दाखवून गुलामगिरीचं समर्थन करत होते. ब्रिटिश खासदार विल्यम विल्बरफोर्सचा १७८५ च्या सुमारास पालट झाला, म्हणजे तो मनापासून विश्वासात आला, तेव्हा राजकारण सोडून द्यावं असं त्याच्या मनात होतं, त्याने जॉन न्यूटनचा सल्ला घेतला, हा न्यूटन एकेकाळी गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता, आणि त्याने सांगितलं की आहेस तिथेच राहा. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला, साम्राज्यातली बहुतेक गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ मध्ये आला, आणि तो आता पास होणारच हे कळल्यावर तीन दिवसांनी विल्बरफोर्स वारला. पहिल्या कप्प्यातली गोष्ट अख्खा समाज तिसऱ्या कप्प्यात ठेवून निवांत झोपू शकतो. म्हणून प्रश्न उलटाही विचारायचा, की आज मी ज्याला "चालतं" म्हणतोय त्याचा भार कुणाच्या पाठीवर पडतोय?

नामानाचं उदाहरण मला फार धीर देतं. अरामाचा सेनापती, कोड बरं झाल्यावर म्हणतो इथून पुढे फक्त परमेश्वरालाच भजेन, आणि लगेच चाचरत विचारतो की माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा होईल ना? त्याला बरं करणारा संदेष्टा अलीशा भाषण देत नाही, "शांतीने जा" एवढंच म्हणतो. आता हे वचन घेऊन कुठेही वाका असं मी म्हणत नाहीये, दानिएलाच्या तीन मित्रांनी राजाच्या मूर्तीपुढे वाकायला नकार दिला आणि भट्टीत गेले तेही त्याच बायबलमध्ये आहे. पण नवीन विश्वासात आलेल्या, घरात एकट्या पडलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी भट्टीत ढकलायची घाई मंडळीने करू नये एवढं तरी त्यातून घ्यावं.

कामाच्या ठिकाणी

साधारण ११२ साली प्लिनी नावाच्या रोमन अधिकाऱ्याने सम्राट त्राजानला पत्र लिहिलं की या ख्रिस्ती लोकांचं काय करायचं. चौकशीत त्याला असं कळलं होतं की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गातात, आणि शपथ घेतात, कसली, तर चोरी, दरोडा, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही आणि कुणी ठेव परत मागितली तर नाही म्हणणार नाही. ठेव परत करणं! शत्रूच्या फाइलमध्ये आपल्या लोकांबद्दल ही नोंद. माझ्याबद्दल ऑफिसच्या फाइलमध्ये काय सापडेल असा विचार केला की घाम फुटतो.

तर करायचं काय? तुमच्या कामात खोटं नेमकं कुठून घुसतं त्याची यादी करा, कारण प्रत्येक धंद्याचं आपलं असं एक ठरलेलं खोटं असतं. कुठे मागच्या तारखा, कुठे फुगवलेली बिलं, कुठे बायोडेटात न केलेला अनुभव, कुठे "माल निघालाय सर" आणि माल अजून गोदामातच, कुठे दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव. यादी झाली की प्रत्येकासाठी एक वाक्य तयार ठेवा, आणि खरंच तोंडाने म्हणून बघा, आरशासमोर म्हणा लाज वाटली तरी. माझं वाक्य आता असं आहे: "सर, मागची तारीख मी नाही टाकणार, पण उशीर का झाला त्याची खरी नोंद आत्ता बसून लिहून देतो आणि ऑडिटरसमोर मी स्वतः बोलतो." यात नकार आहे पण सोबत दहा दिवसांची भाजी पण आहे, दानिएलासारखी. नुसता नकार दिला तर साहेब एकटा पडतो आणि चिडतो. आणि हो, हे वाक्य म्हणून नोकरी टिकेलच असं काही नाही, दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवणं ही सुद्धा विश्वासाचीच तयारी आहे असं मी मानतो, कर्जात बुडालेल्या माणसाला नाही म्हणणं फार जड जातं.

सतराव्या शतकातल्या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या लोकांची एक गोष्ट मला आवडते. "तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही" हे येशूचं वचन त्यांनी इतकं शब्दशः घेतलं की कोर्टात शपथ घ्यायलाही नकार दिला, म्हणे शपथ घेतली की इतर वेळी खोटं चालतं असा अर्थ होतो, आणि त्यासाठी तुरुंगात गेले. त्यांच्या दुकानदारांनी घासाघीस बंद करून वस्तूची एकच किंमत सांगायला सुरुवात केली, कारण जी किंमत मिळणार नाही हे माहीत आहे ती सांगणं म्हणजे खोटंच ना. लोकांना आधी विचित्र वाटलं, मग लहान पोरालासुद्धा पाठवलं तरी फसवणार नाहीत म्हणून गिऱ्हाईक तिकडेच वळायला लागलं.

तुम्ही स्वतः साहेब असाल तर तुमची यादी वेगळी. बायबलमधल्या लेवीय पुस्तकात सांगितलंय की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंतसुद्धा आपल्याकडे ठेवून घेऊ नये. मंडळीला मोठं दान देणारा मालक जर कामगारांचे पैसे दोन दोन महिने अडकवत असेल तर याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय त्याने बसून वाचावा, मी वेगळं काही सांगत नाही.

फोन

दहा आज्ञांमध्ये खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आहे, बहुतेक प्रोटेस्टंटांच्या मोजणीत नववी, कॅथलिक मोजणीत आठवी, नंबरावरून भांडू नका, मोडतो सगळे सारखीच. न तपासता फॉरवर्ड केलेला मेसेज ही खोटी साक्षच आहे, "जसं आलं तसं पाठवलं" असं वर लिहिलं म्हणून ती खरी होत नाही. आणि आपल्या बाजूचा मेसेज असला, म्हणजे आपल्या लोकांवर कुठे तरी भयंकर अत्याचार झाला किंवा अमुक शास्त्रज्ञाने बायबल खरं ठरवलं असला, तर आपण अजून कमी तपासतो. देवाला माझ्या खोट्या मेसेजची मदत लागत नाही. तीन गोष्टी बघायच्या: खरं आहे हे मला कशावरून माहीत, हे माझ्याकडूनच जायला हवं का, आणि ज्याच्याबद्दल आहे तो या ग्रुपमध्ये असता तर मी टाकलं असतं का.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त कुठे लागू पडतो माहितीये? प्रार्थनेच्या ग्रुपवर. "प्रार्थनेसाठी सांगतेय, बाहेर जाऊ देऊ नका" असं म्हणून कुणाचा घटस्फोट, कुणाच्या मुलीची भानगड, कुणाचे हॉस्पिटलचे रिपोर्ट फोटोसकट फिरतात. ज्याच्यासाठी प्रार्थना मागताय त्याला आधी विचारा की सांगू का, किती सांगू. नाही म्हणाला तर "एका बहिणीसाठी प्रार्थना करा" एवढं पुरतं, देवाला नाव माहीत आहे.

अश्लील व्हिडिओंबद्दल मंडळीत कुणी बोलत नाही म्हणून बोलतो, कारण हा प्रश्न फक्त पोरांचा नाही, प्रौढांचा आहे, बायकांचाही आहे आणि व्यासपीठावर बसणाऱ्यांचाही आहे. येशूने डोळ्याने केलेल्या व्यभिचाराबद्दल सांगितलं आणि लगेच पुढे डोळा उपटून टाकायची भाषा केली, म्हणजे नुसती इच्छाशक्ती वापरा असं तो म्हणत नाही, कारणच तोडा म्हणतो. फोन रात्री झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा, अगदी साधं घड्याळ गजरासाठी वापरा, आणि एका माणसाला, एकाच, खरं खरं सांगा. याकोब म्हणतो एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा म्हणजे बरे व्हाल. एकट्याने लढून सुटलेली माणसं मी फार कमी बघितली. परत पडलात तर त्याच माणसाला परत सांगा, तो माणूस वैतागणारा निघाला तर माणूस बदला, पण सांगणं सोडू नका.

एआयबद्दल थोडक्यात. पत्राचा मसुदा, वचनाचा संदर्भ शोधणं, भाषांतर, ठीक आहे, पण संदर्भ बायबल उघडून तपासा कारण ते यंत्र नसलेलं वचनही आत्मविश्वासाने सांगतं. साक्ष मात्र स्वतःची द्या. जे तुमच्या आयुष्यात घडलंच नाही ते गोड शब्दांत लिहून घेऊन मंडळीसमोर वाचणं म्हणजे परत नववी आज्ञा. आणि रात्री दोन वाजता मन मोकळं करायला यंत्र सोपं वाटतं हे कळतं मला, पण ते तुमच्या दारात येऊन उभं राहू शकत नाही.

दवाखान्यातले निर्णय

इथे आधी ठरवणं सगळ्यात महत्त्वाचं आणि आपण सगळ्यात कमी तेच करतो. आयसीयूच्या बाहेर उभं राहून चार भावंडांनी धर्मशास्त्रावर वाद घालणं किती भयानक असतं ते ज्याने बघितलंय त्याला विचारा.

बऱ्याच विश्वासी लोकांना वाटतं की जीव देवाचा आहे म्हणजे शेवटपर्यंत प्रत्येक मशीन लावलंच पाहिजे, नाहीतर पाप लागेल. तसं नाहीये. १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांपुढच्या भाषणांमध्ये स्पष्ट केलं की जीव वाचवायला नेहमीचे उपाय करणं कर्तव्य आहे, पण असाधारण, रुग्णावर किंवा घरच्यांवर अति भार टाकणारे उपाय करायलाच हवेत असं नाही, आणि वेदना कमी करायचं औषध देताना, मारायचा हेतू नसताना, आयुष्य थोडं कमी झालं तरी ते औषध देता येतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांतही असाच विचार करणारे पुष्कळ आहेत. जाणूनबुजून मारणं वेगळं आणि मरणाला येऊ देणं वेगळं. म्हणून आईवडील चालतेफिरते असतानाच विचारा, तुम्हाला काय चालेल, काय नको, निर्णय कुणी घ्यायचा, आणि लिहून ठेवा, कायदा तुमच्याकडे काय म्हणतो तेही बघा. विषय काढायला जड जातो, मी वडिलांकडे काढला तेव्हा ते म्हणाले "बरं झालं विचारलंस, मी दोन वर्षं वाट बघत होतो".

मूल होत नसेल आणि आयव्हीएफचा विचार असेल तर हे माहीत असू द्या की कॅथलिक चर्चने १९८७ च्या आपल्या दस्तऐवजात ही पद्धत नाकारली आहे, प्रोटेस्टंटांमध्ये पुष्कळ जण पती-पत्नीपुरती ती मान्य करतात पण उरलेल्या भ्रूणांचं काय हा प्रश्न त्यांनाही छळतो. डॉक्टरांना उपचार सुरू व्हायच्या आधी विचारा, किती भ्रूण तयार करणार, किती ठेवणार, उरले तर काय, मुळात कमीच तयार करता येतील का. नंतर विचारून उपयोग नसतो. गर्भनिरोधाबद्दलही सगळे एका सुरात कधीच नव्हते, अँग्लिकन बिशपांनी १९३० च्या लॅम्बेथ परिषदेत मर्यादित परवानगी दिली, तर १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम साधनांना परत नाही म्हटलं. तेव्हा शेजारच्या जोडप्याला मुलं का दोनच किंवा का सहा हे विचारायच्या आधी जीभ आवरा.

गर्भपाताला विरोध मंडळीत अगदी सुरुवातीच्या काळापासून आहे, साधारण पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या शिकवणीतच तो लिहिलेला सापडतो. तुमचंही तेच मत असेल तर त्याची किंमत तुम्हीही उचला: मंडळीतली एखादी अविवाहित पोरगी गरोदर राहिली तर तिला राहायला कुणाच्या घरी जागा आहे, दवाखान्यात सोबत कोण जाईल, बाळाचं कोण बघेल. हे आधी ठरलेलं नसेल तर ती तुम्हाला सांगणारच नाही, गुपचूप जाऊन येईल. आणि जी जाऊन आली आहे ती कदाचित तुमच्या शेजारच्याच बाकावर बसलेली असते, बोलताना तेवढं लक्षात असू द्या.

वेगळं मत असलेल्या माणसांबरोबर

पौल करिंथकरांना लिहितो की बाहेरच्या लोकांचा न्याय करायचं मला काय काम, आतल्यांचा न्याय तुम्ही करता ना? आपण नेमकं उलट करतो. बाहेरच्या जगावर ताशेरे आणि आतल्यांवर पांघरूण. मंडळीत कुणी मुलांशी गैरवर्तन केलं, कुणी बायकोला मारतो, पैशांचा हिशेब लागत नाही, तर "क्षमा करा, प्रभूचं नाव बदनाम होईल" असं म्हणून दाबतात. क्षमा करणं म्हणजे तक्रार न करणं नव्हे. मुलाला इजा झाली असेल तर आधी मूल सुरक्षित करा आणि पोलिसांकडे जा, कमिटीची मीटिंग नंतर.

समलिंगी व्यक्तींबद्दल मंडळ्यांमध्ये आज खोल मतभेद आहेत, काही पारंपरिक शिकवणीवर ठाम आहेत, काहींनी विवाहाला मान्यता दिली आहे. तुमची मंडळी कुठेही उभी असो, घरातला एखादा मुलगा येऊन "आई, मी असा आहे" म्हणाला तर पहिल्या पाच मिनिटांत काय बोलायचं ते आजच ठरवून ठेवा, कारण ती पाच मिनिटं तो आयुष्यभर विसरणार नाही. "तू आमचाच आहेस, बस, सांग" एवढं कुठल्याही मताचा माणूस म्हणू शकतो. त्याचं गुपित दुसऱ्याला सांगायचं नाही, विनोद करायचे नाहीत, जेवणाच्या टेबलावरची त्याची खुर्ची हलवायची नाही. येशूवर आरोपच हा होता की तो जकातदार आणि पापी लोकांचा मित्र आहे, त्यांच्यात बसून जेवतो.

पेत्राच्या पहिल्या पत्रात आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी तयार राहा म्हटलंय आणि ते सौम्यतेने आणि आदराने द्या असंही. "विचारणाऱ्याला" हा शब्द बघा. न विचारणाऱ्याला कमेंटमध्ये पकडून उत्तर द्या असं नाही म्हटलेलं.

राजकारणाबद्दल एकच. तुमचा विश्वास तुमच्या आवडत्या पक्षाशी एकदाही भांडला नसेल तर थोडी काळजी करा. १९३४ च्या मे महिन्यात जर्मनीत बार्मेनला काही मंडळ्या जमल्या आणि त्यांनी जाहीर केलं की मंडळीचा प्रभू येशू ख्रिस्तच, राज्य नव्हे, आणि हे त्यांना प्रामुख्याने सांगावं लागलं ते हिटलरच्या मागे गेलेल्या आपल्याच ख्रिस्ती भावांना.

आणि तरी पडलात तर

इथे कुणी म्हणेल की येशूचा शिष्य पेत्र, त्याने तर आधीच ठरवलं होतं की, सगळे येशूला सोडून गेले तरी मी जाणार नाही, मग कोंबडा आरवायच्या आत त्याला ओळखतच नाही असं तीनदा म्हणाला ते कसं? मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं पेत्राने ठरवलं नव्हतं, जाहीर केलं होतं. दानिएलाने समोर आलेल्या ताटाचं काय करायचं ते ठरवलं, पेत्राने आपण किती शूर आहोत ते सांगितलं, आणि येशूला धरलं त्या रात्री गेथशेमाने बागेत जागं राहून प्रार्थना करायची वेळ आली तेव्हा झोपला. म्हणून तुमच्या कागदावर "मी प्रामाणिक राहीन" असलं काही लिहू नका, "मागची तारीख टाकणार नाही" असं लिहा. पाच-सहा ओळी पुरतात. एका विश्वासू माणसाला वाचून दाखवा, दर काही महिन्यांनी परत काढा, काही ओळी खोडाल, काही नवीन येतील.

पेत्राने नाकारलं ते कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत असताना, आणि पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर येशूने त्याला बोलावलं तिथेही कोळशाचाच विस्तव होता, योहानाने दोन्हीकडे मुद्दाम लिहून ठेवलंय. तीनदा नाकारलं, तीनदा विचारलं, आणि मग काम दिलं. बरं, हाच पेत्र पुढे अंत्युखियात लोक काय म्हणतील म्हणून परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठला आणि पौलाला त्याला तोंडावर बोलावं लागलं. तेव्हा एकदा उठलो म्हणजे परत पडणार नाही असं नाही. पडलात तर गोल गोल प्रार्थना करू नका, जे केलं त्याचं नाव घ्या, ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जा, भरून देता येत असेल तर द्या, जक्कय नावाच्या जकातदाराने फसवून घेतलेलं चौपट परत करतो म्हटलं होतं.

मी साहेबांकडे जायला आठ महिने घेतले. गेलो, सांगितलं की त्या सह्या खोट्या होत्या, आणि यापुढे मागच्या तारखा टाकणार नाही, जे लिहायचं ते खरं लिहीन. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते, मग म्हणाले, ठीक आहे, जा. माझी बदली नाही झाली, पगार नाही कापला, काहीच झालं नाही. फक्त पुढच्या ऑडिटच्या वेळी रजिस्टर माझ्या टेबलावर आलं नाही. ते कुणाच्या टेबलावर गेलं हे मी विचारलं नाही, आणि माझ्या कागदावरची शेवटची ओळ आता तीच आहे, की पुढच्या वेळी विचारायचं.